फर्मा मोडल्याचा फोटो

कमी बनवणं हीसुद्धा एक कला आहे, असं मला एका पुणेकराने आमच्याच ओसरीवर बसून, आमच्याच कपातला चहा पीत सांगितलं होतं. मी तेव्हा दोरी वळत होते, दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून गप्प राहिले. नाहीतर कप काढून घेतला असता.

वस्तू होती चकरी. आता सगळे यो-यो म्हणतात, आणि तसं म्हटल्याशिवाय कुणाला कळतही नाही, पण आमच्या बाजारात ती चकरीच होती. लाकडाच्या दोन वाट्या पाठीला पाठ लावून, मध्ये बांबूची खुंटी, खुंटीभोवती दोरी. दोरीचं टोक बोटात अडकवायचं आणि चकरी खाली सोडायची. चांगली चकरी खाली गेली की लगेच परत येत नाही, दोरीच्या टोकाशी जागच्या जागी गुणगुणत फिरत राहते. त्याला आम्ही चकरी निजली म्हणायचो. मग बोटाने हलका झटका दिला की जागी होते आणि वर येते. दोन वाट्यांच्या वजनात जरा फरक पडला तर निजायचं नाव नाही, डुगडुगते आणि आडवी होऊन दोरीला लटकते. सगळा खेळ त्या दोन वाट्या सारख्या निघण्याचा.

सारख्या वाट्या काढणारा हात माझ्या भावाचा होता. राळेगावला आमच्या घराच्या पडवीत त्याचं खरादाचं, म्हणजे लाकूड फिरवून ताशायचं मशीन. भाऊ माझ्याहून मोठा, वहिनी लवकर वारलेली, मूलबाळ नाही. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा गल्लीतल्या बायांनी मला नाही नाही ते विचारून घेतलं. भावाने काहीच विचारलं नाही. सुताचा गुंडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "वळून पाह्य, जमते का." तेव्हापासून दोरी माझी, रंग माझा आणि बाजारात बसून गिऱ्हाइकाशी भांडायचं कामही माझंच. भावाला भांडता येत नसे. लाकडाशिवाय त्याला फारसं काही येत नसे, हे मी प्रेमाने म्हणते आणि रागानेही म्हणते.

तो शिकला एका म्हाताऱ्या मुसलमान खराद्याकडे. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशेजारी त्यांचं दुकान होतं. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे, आणि बाजारासाठी चकऱ्या. उस्तादांनी जाताना भावाला दोन गोष्टी दिल्या. एक पत्र्याचा फर्मा, म्हणजे वाटीला जसा गोलावा हवा तसा कापलेला पत्र्याचा तुकडा. वाटी ताशताना तो तिच्या पाठीला टेकवून पाहायचा, मध्ये फट दिसली की अजून ताशायचं. दुसरी गोष्ट म्हणजे एक रीत. टोपली भरेपर्यंत चकऱ्या मोजायच्या नाहीत. मोजल्या की बरकत जाते म्हणत. टोपली भरली की खेप झाली. आम्ही बौद्ध, आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. मी भावाला चिडवायचे, "दीक्षा घेतलेल्या बापाचा पोरगा तू, तुले ही बरकत कुठून भेटली?" तो म्हणायचा, "मोजत बसलं का हात अटकते वं." मी हसायचे आणि सोडून द्यायचे.

किती चकऱ्या बनवायच्या हे तो ठरवत नसे, मीही ठरवत नसे, कापूस ठरवायचा. वेचणी लागली, बायांच्या हाती वेचणीचे पैसे आले की पोट्ट्यांसाठी चकरी निघायचीच. राळेगावचा बाजार, पांढरकवड्याचा, कधी वणीची जत्रा. भाऊ मशीनवर बसला की पटाशी थांबत नसे. बिडी ओढत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, माझं ऐकून न ऐकल्यासारखं करत वाटीमागून वाटी काढायचा. फर्मा चारपाच वाट्यांमागे एकदा टेकवायचा, तोही सवयीने. ढिगातून कुठल्याही दोन वाट्या उचला, जोडी जमायची. पायलीला पन्नास अशी वस्तू, आणि ती तशीच असावी असं आम्हाला वाटायचं. पोराने दगडावर आपटून फोडली तर आईने एक धपाटा घालून दुसरी घ्यावी, एवढीच तिची पायरी.

दोरीचं मात्र मला आजही हसू येतं. जिकडे पाहावं तिकडे कापसाच्या गंज्या, घरात ठेवायला जागा नाही म्हणून लोक कापसावरच झोपायचे, आणि माझ्या दोरीचं पक्कं सूत यायचं सोलापूरहून. एवढं पांढरं सोनं पिकवून गावाला हातभर दोरी होत नव्हती. याची लाज कुणाला वाटल्याचं मी पाहिलं नाही. सभेत मात्र पांढरं सोनं पांढरं सोनं करून टाळ्या घ्यायचे.

मग ती वर्षं आली. भाव पडला, बोंडं किडली, बियाण्याच्या पिशव्या महागल्या, आणि जिल्ह्यात जीपगाड्यांचं पीक मात्र जोमात आलं. कुणी पाहणी करायला, कुणी फोटो काढायला, कुणी नुसतंच हळहळायला. हळहळायला आलेलेही दुपारचं जेवण टळू देत नसत. बाजारात पोट्टे आमच्या टोपलीपाशी यायचे, चकरीला हात लावून पाहायचे, आणि त्यांच्या आया दंडाला धरून ओढून न्यायच्या. टोपली जशी गेली तशी एसटीच्या टपावर चढून परत यायची. भाऊ तरी बनवतच राहिला. खाटेखाली चकऱ्या, माळ्यावर चकऱ्या, पिठाच्या रिकाम्या डब्यात चकऱ्या. मी म्हटलं, "आता काय माह्या डोक्यावर ठेवतं का?" तर म्हणे, "हात चालू राह्यला पायजे."

पुणेकर आला तो असल्याच एका जीपमधून. तिशीतला असेल, टोपी उलटी घातलेली. पाहणीवाल्यांसोबत आला होता, पण एसटी स्टँडवर माझी टोपली दिसली आणि हा पाहणी विसरला. खिशातून स्वतःची चकरी काढली, लखलखीत धातूची, आणि तिची किंमत सांगितली. मी ती खरी मानली नाही. मग त्याने आमची एक उचलली आणि सोडली. चकरी निजली ती निजलीच. तो तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. पुढच्या अर्ध्या तासात तो आमच्या ओसरीवर होता आणि भावाला काका, मला मावशी म्हणत होता. माझ्याहून फार तर दहाबारा वर्षांनी लहान असेल मेला.

त्याने सांगितलं की जगात त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. जपानात, अमेरिकेत, खुद्द पुण्यात. मोठी माणसं, नोकरीधंद्याची, आणि चकऱ्या जमवतात. त्यांच्यासाठी छोटे छोटे कारागीर चकऱ्या बनवतात, पण पन्नासच. प्रत्येकीवर नंबर. कॉम्प्युटरवर विकायला ठेवल्या की घटकाभरात संपतात. ज्यांना मिळत नाही ते हळहळतात, मग ज्यांना मिळाली त्यांच्याकडून चढ्या भावाने घेतात. "आणि खेळतात कवा?" भावाने विचारलं. पुणेकर म्हणाला, "काही जण डबा उघडतसुद्धा नाहीत, काका."

भावाला हे पटायला वेळ लागला. मला पटलंच नाही, पण समजलं मात्र लगेच. आमच्या बाजारात वस्तू भरपूर आणि घेणाऱ्याकडे काही नाही. त्यांच्याकडे घेणारा भरपूर, म्हणून वस्तू मुद्दाम कमी करायची. इथे बाया तेल संपलं म्हणून फोडणीशिवाय वरण करत होत्या, आणि तिकडे माणसं टंचाई विकत घेत होती. वरून पुणेकर भावाला म्हणतो, "तुमची चूक एकच आहे काका, तुम्ही फार बनवता." आणि मग ते कलेचं वाक्य.

ठरलं असं की भावाने पन्नास बनवायच्या, त्यावर नंबर घालायचे, आणि बाजारात एकही विकायची नाही. बाजारात पोट्टे खेळताना दिसले तर दुर्मिळ कशी म्हणणार? घरातला जुना सगळा माल तो जीपमध्ये घालून घेऊन गेला. म्हणाला, नष्ट करतो. पुढे कळलं, त्याने तो जुना कारागिरीचा नमुना म्हणून एकेक करत विकला. शहाणा माणूस होता, मी नाही म्हणत नाही. पहिल्या पन्नास खरंच घटकाभरात संपल्या. आमच्या पडवीवर नवे टीन आले, भावाला चष्मा आला. टीन चांगले होते, अजून गळत नाहीत.

नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर बरं म्हणून. बारीक ब्रशने आतल्या बाजूला लिहायचं, पन्नासपैकी इतकी. भाऊ माझ्या डोक्यावर उभा राहून पाहायचा. मी पहिल्यांदा एक लिहिला तेव्हा तो हसला होता, लग्नातल्या नवरदेवासारखा लाजून. त्याला वाटलं, आता आपली चकरी मोठी झाली. माणूस असाच हरभऱ्याच्या झाडावर चढतो. वर गेल्यावर त्याला खालचे लोक लहान दिसायला लागतात, आणि भावाला बाजार लहान दिसायला लागला. एका बाईने घरी येऊन पोरासाठी चकरी मागितली तर हा म्हणतो, "सुटी देत नाई आता." ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिला लाटणं दिलं, दुसरं काही घरात नव्हतं.

याहून मोठा तमाशा पुढे झाला. राजूरच्या खाणीतून रिटायर झालेला एक फिटर होता, घरी छोटं लेथ लावून भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या चकऱ्या करायचा. पुणेकराने त्यालाही गाठलं. आणि मग इकडे येऊन सांगायचं, राजूरवाल्यांनी या वेळी चाळीसच केल्या. तिकडे जाऊन सांगायचं, राळेगाववाल्यांनी तीस. वणीच्या बाजारात एकदा दोघांची गाठ पडली. फिटर पान चघळत म्हणाला, "म्या तं या टायमाले पंचवीसच केल्या. जास्त करून करायचं काय?" भाऊ तिथून तडक निघाला. घरी आला आणि त्याने वीस केल्या. दोन म्हातारे कोण कमी काम करतो यावर भाव खात होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण जिंकून राह्यलो. मी म्हटलं, "एकच कर ना. नाहीतर करूच नको, सगळ्यात दुर्मिळ तीच." तो म्हणाला, "तुले नाई समजत."

मला जे समजत होतं ते मी त्याला सांगत होते, पण तो ऐकत नव्हता. त्याचं काम बदललं होतं. आधी तो ताशायचा तेव्हा बोलायचा, आता मी भांडं आपटलं तरी म्हणायचा, "चूप बस वं जरा." बिडी बंद. प्रत्येक वाटीला फर्मा, पुन्हा फर्मा, पुन्हा चष्मा पुसून फर्मा. वीसच आहेत, एकही बिघडता कामा नये, ही भीती त्याच्या मनगटात जाऊन बसली. आधी बिघडलेली वाटी तो न पाहता चुलीकडे फेकायचा आणि दुसरी घ्यायचा. आता बिघडली की तोंडावर मेल्यासारखी कळा यायची. आधी टोपली भरायला लागायचा तेवढा वेळ आता मूठभर चकऱ्यांना लागायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या आधीच्यापेक्षा तसूभर चांगल्या नव्हत्या. पण डब्यातून बाहेरच यायच्या नव्हत्या, तर कळणार कुणाला.

मग पुणेकराने फोटोचं काढलं. म्हणाला, लोकांना शंका येते, हे म्हातारे मागून आणखी बनवून विकतील. म्हणून या खेपेनंतर फर्मा मोडायचा आणि मोडलेल्या फर्म्याचा फोटो चकरीसोबत द्यायचा. म्हणजे ही शेवटची, यापुढे अशी होणे नाही, अशी खात्री. राजूरचा फिटर तयार झालाय, असंही वर सांगितलं.

तो जीपमधून कॅमेरा आणायला गेला तेवढ्यात मी भावाला बाजूला घेतलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठेवला होता मी, बरोबर फर्म्यासारखा. म्हटलं, "हा मोड. त्याले काय माहीत." भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला जशी मी चोरी करायला सांगितली. "शब्द देल्ला ना म्या. लोक पैसे देऊन राह्यले त्याच्यावर." मी म्हटलं, "अरे भैताडा, तो उस्तादांचा आहे." तर म्हणे, "फर्मा हातात आहे माह्या. पत्र्याले काय धरून बसायचं?"

आणि त्याने तो मोडला. पकडीत धरून आधी वाकवला, मग उलटा वाकवला, मग दोन तुकडे. उस्तादांचा अंगठा लागून लागून त्या पत्र्याची एक कड गुळगुळीत झाली होती, पुढे भावाचा अंगठा तिथेच बसायचा. पुणेकराने तुकडे आमच्या उंबऱ्यावर मांडले, ऊन बरोबर पडावं म्हणून दोनदा सरकवले आणि फोटो काढला. भावाने नवा सदरा घातला होता, पण फोटोत तो नव्हता. फिटरचं नंतर कळलं. त्याने बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून मोडलं होतं आणि खरा फर्मा पेटीत ठेवला होता. त्याच्या झाकणाचा फोटोही तेवढाच गाजला. इमानदार माणूस एकच होता त्या सगळ्या व्यवहारात, आणि त्याच्याइतका राग मला कुणाचा आला नाही.

पुढच्या मागणीला पुणेकर म्हणाला, फर्मा नवा म्हणजे चकरी नवी, शब्द मोडत नाही; म्हणून भावाने नवा फर्मा कापला. आठवणीवरून. दिसायला तसाच होता. वाट्या निघाल्या, जोड्या लागल्या, मी रंग दिला, नंबर घातले, आणि चकरी सोडून पाहिली तर डुगडुगली. दुसरी सोडली, तीही. भाऊ म्हणाला, दोरी जाड झाली असन. मी दोरी बदलली. मग म्हणाला लाकूड ओलं असन. लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं होतं. त्याने कड थोडी घासली, मग दुसरीकडून घासली, घासून घासून चकरी लहान झाली पण निजली नाही. त्यातल्या बऱ्याच तशाच पाठवल्या. काही जमवणाऱ्यांनी, कुठून बुद्धी झाली कुणास ठाऊक, डबे उघडून पाहिले. पुणेकराचा फोन आला. आवाज फार गोड होता. म्हणाला, "बाजार बदललाय काका. लोकांना आता धातूच हवा असतो." काका, काका करत त्याने फोन ठेवला, आणि पुन्हा काही आमची ओसरी त्याला दिसली नाही. राजूरच्या फिटरकडे मात्र बरीच वर्षं जात होता म्हणे.

मला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली. भावालाही तसंच वाटलं असावं. तो म्हणाला, "चाल, टोपली भरतो. वणीच्या जत्रेले नेऊ." कापसाला त्या सालात जरा बरा भाव होता, बाजारात पुन्हा पोट्ट्यांची गर्दी व्हायला लागली होती. त्याने लाकूड आणलं, मशीनला तेल दिलं, जुनी टोपली झटकून शेजारी ठेवली. मी मुद्दाम बिडीचं बंडल आणून दिलं.

टोपली भरली नाही. तो बसायचा, एक वाटी काढायचा, थांबायचा. फर्मा टेकवायचा, उजेडाकडे धरायचा, थांबायचा. जत्रेची चकरी, कुणाला नंबर नको की डबा नको, पण हात ऐकेना. मी दारात बसून दोरी वळत पाहत होते, आणि माझं लक्ष त्याच्या ओठांकडे गेलं. ते हलत होते. मी म्हटलं, "मोजू नको रे." तो म्हणाला, "मोजून नाई राह्यलो मी." आणि पुढची वाटी टोपलीत टाकताना ओठ पुन्हा हलले. मी उठून आत गेले आणि गरज नसताना चूल पेटवली, उगीच धूर केला. मला भावाची दया येत होती, आणि दया आली की मला आणखी राग येतो.

जत्रा हुकली. जे काही जमलं होतं ते घेऊन आम्ही पांढरकवड्याच्या बाजारात गेलो. टोपलीत तळ दिसत होता म्हणून मी चकऱ्या ताटात मांडल्या, शेवटच्या खेपेतल्या नंबरवाल्या उरल्या होत्या त्याही ठेवल्या. आमच्या शेजारी झरी जामणीकडची एक म्हातारी कोलाम आदिवासी बाई डिंक आणि चारोळी घेऊन बसली होती. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं तेव्हा ती आमच्या ताटाकडे पाहायला लागली. मग हात पुढे करून एक चकरी उचलली, नंबरवालीच, बोटात दोरी अडकवली आणि सोडली. चकरी डुगडुगली आणि आडवी होऊन लटकली. म्हातारी हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "अशी नाई राहत," ती म्हणाली. "थांब, दाखवतो तुले."

तिने कमरेची चंची सोडली. आधी तंबाखू निघाली, मग चुन्याची डबी, मग चकरी. रंग बहुतेक उडालेला, लाकूड हाताच्या मळाने काळं पडलेलं, दोरी तिची स्वतःची वळलेली. पण कडेला लाखेचा थोडा रंग शिल्लक होता, काळपट लाल. तो रंग मी कुठेही ओळखला असता. लाल आणि काळ्या लाखेच्या उरलेल्या कांड्या एकत्र घासून मी तो काढायचे, फेकून द्यायला जीव होत नसे म्हणून. दुसऱ्या कुणाकडे तो रंग नव्हता.

म्हातारीने चकरी सोडली आणि ती निजली. बाजाराच्या कलकलाटात तिची गुणगुण मला ऐकू आली. म्हातारी चकरीकडे पाहतच नव्हती, आमच्याकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने बोट हललं आणि चकरी तिच्या मुठीत परत आली.

भावाने हात पुढे केला. तिने दिली. त्याने चष्मा वर सरकवला आणि वाटीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, जसा तो पूर्वी फर्म्यावरून फिरवायचा तसाच, कडेपासून मध्यापर्यंत आणि परत. त्याने ओळखली. त्याच्या तोंडावरून मला दिसलं की त्याने ओळखली. तरी त्याने विचारलं, "कुठून घेतली वं माय?"

"इथूनच," म्हातारी म्हणाली. "नातवाले घेतलती. तो मोठा झाला, मंग म्याच ठेवली. एक मानूस बसे इथं, टोपलं भरून आणे. संगं एक बाई राहे त्याच्या, लय भांडे." तिने चकरीसाठी हात पुढे केला. "आता नाई दिसत. मेला असन बापा."

मला जन्मात कधी कुणाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. नवऱ्याला दिलं, सासूला दिलं, जीपवाल्यांना दिलं. त्या वेळी मात्र डोळे भरून आले म्हणून मी ताटातल्या चकऱ्या उगीच पुसायला घेतल्या आणि वाट पाहत राहिले की भाऊ आता सांगेल, मीच तो.

भावाने तिची दोरी खुंटीभोवती सावकाश गुंडाळली, टोक आत खोचलं आणि चकरी दोन्ही हातांनी तिला परत दिली.

"हात चांगला होता त्याचा," तो म्हणाला.

"हौ," म्हातारी म्हणाली, आणि चकरी चंचीत ठेवून तिने गाठ मारली.